पाठमोरी तिजोरी

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मुकुंदराव बिरादार हैदराबादच्या कोठी भागातल्या पाठ्यपुस्तकांच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून वर आले. शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला. दारात उभ्या असलेल्या ओंकारनं हात पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही.

वरच्या दोन खोल्यांत चारुलता औरादकर गेली एकवीस वर्षं खासगी तपासाचं काम करत होत्या. ओंकार त्यांच्या भाचीचा नवरा. पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आलेला, संगणकातला हुशार माणूस. सुट्टीच्या दिवशी चारूमावशींची गाडी चालवायची आणि त्यांच्या तपासात नाक खुपसायचं, हा त्याचा छंद होता.

मुकुंदराव चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, ताठ बसणारे.

"माझी तिजोरी कोणीतरी फिरवली आहे," ते म्हणाले.

"फिरवली म्हणजे?" ओंकारनं विचारलं.

"तोंड भिंतीकडे केलं आहे. पाठ माझ्याकडे."

मग त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. नल्लकुंट्यात त्यांचं स्वतःचं घर होतं, खाली तीन खोल्या आणि वर दोन. खालच्या आतल्या लहान खोलीत छातीएवढ्या उंचीची लोखंडी तिजोरी होती, पावणेतीनशे किलो वजनाची. तिच्यात त्यांच्या वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक आणि काडतुसं होती. भालकीकडच्या शेतात रानडुकरं यायची, त्या काळातली. परवाना आता मुकुंदरावांच्या नावावर होता. तिजोरीची चावी एकच, आणि ती काळ्या दोऱ्यात त्यांच्या गळ्यात असायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तिजोरी उघडून बंदूक पुसायचे, तेल द्यायचे. एरवी तिजोरीवर लंबाडी, म्हणजे बंजारा, भरतकामाची चादर असायची. काल, म्हणजे वीस तारखेच्या शुक्रवारी, त्यांनी चादर उचलली तर समोर कुलूपच नव्हतं. नुसता लोखंडी पत्रा.

"तुमचा संशय कोणावर?"

"गौतमवर. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. गुरुवारी तो दोन मित्रांना घेऊन आला होता, वरचं लाकडी कपाट खाली आणायला. तिघंही व्यायामशाळेत जाणारे. दुसरं कोण हलवणार ते धूड?" त्यांचा आवाज चढला. "तो महिनाभर माझ्या मागे लागलाय, बंदूक ठाण्यात जमा करून टाका म्हणून. मी त्याला घरात यायचं नाही म्हणून सांगितलंय. आज पोलिसांत तक्रार देणार होतो. पण तुम्ही आमच्या हिच्या विद्यार्थिनी, म्हणून आधी इथं आलो."

चारुलताबाई जरा सावरून बसल्या. मुकुंदरावांच्या पत्नी तारामती यांनी जामबागेतल्या मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. नववीत चारुलताबाई त्यांच्याच वर्गात होत्या.

"तक्रार उद्यापर्यंत थांबवा," त्या म्हणाल्या. "एक सांगा. तिजोरी पहिल्या रविवारी उघडता, तर काल शुक्रवारी चादर कशाला उचलली?"

मुकुंदरावांनी गळ्यातला दोरा सारखा केला. "असंच. तेल द्यायचं राहिलं होतं."

निघताना त्यांनी आणखी एक तक्रार केली, ती बायकोबद्दल. दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी मुकुंदरावांचा काचबिंदू खूप पुढे गेल्याचं सांगितलं होतं. बाजूचं दिसणं गेलंच होतं, समोरचंही वर्षभरात जाईल असा अंदाज होता. तेव्हापासून तारामती त्यांना एकटं सोडत नव्हत्या. गुडघे दुखत असूनही फिरायला बरोबर यायच्या. गच्चीच्या दाराला त्यांनी कुलूप लावलं होतं. औषधाच्या गोळ्या स्वतःच्या कपाटात ठेवून एकेक मोजून देत होत्या.

"मी काय लहान मूल आहे?" मुकुंदराव म्हणाले.

दुपारी बारा वाजता चारुलताबाई आणि ओंकार नल्लकुंट्याला पोचले. बोळातून आत जाताना ओंकारला फरशीवर दोन लांबलचक पांढरे ओरखडे दिसले. ते वरून आणलेल्या कपाटापर्यंत गेले होते.

"गौतम आणि कंपनी," तो म्हणाला. "तिघांनी मिळून तिजोरीही वळवली. सरळ आहे, मावशी."

आतल्या खोलीत शहाबादी फरशी होती. चारुलताबाईंनी चादर बाजूला केली आणि गुडघ्यांवर बसून विजेरीच्या उजेडात फरशी पाहिली. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता. त्यांनी बोट फिरवलं, ते सरकन घसरलं. बोटाला साबणाचा वास आला. तिजोरीच्या चारही कोपऱ्यांखाली जुन्या गालिच्याचे चौकोनी तुकडे होते, लव जमिनीकडे केलेले. एका तुकड्याची कड बाहेर आली होती आणि तिच्यावर पेन्सिलनं आखलेली सरळ रेघ दिसत होती.

"हे सामान हलवणाऱ्या कंपनीच्या लोकांचं काम," ओंकारनं मत बदललं. "असे तुकडे तेच घालतात."

"असेल," चारुलताबाई म्हणाल्या. त्या आता तिजोरी आणि खिडकीच्या कठड्यामधल्या फटीत पाहत होत्या. तिथं कोळिष्टक होतं. त्यात चार-पाच वाळलेले डास होते आणि वर धूळ बसली होती.

फळीवर बंदुकीच्या तेलाची छोटी डबी होती. त्यांनी ती कानाजवळ नेऊन हलवली. डबी कोरडी ठणठणीत होती. त्यांनी ती जागेवर ठेवली.

मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडापाशी एक पहार उभी केलेली होती. तिच्या चपट्या टोकाला सुती चिंध्या घट्ट गुंडाळल्या होत्या. शेजारच्या लाकडी ठोकळ्याच्या माथ्यावर पहारीच्या रुंदीएवढी खाच पडली होती.

तारामतीबाईंनी चहा आणला. ठेंगण्या, किडकिडीत, पांढऱ्या केसांच्या. कपबशी त्यांनी फक्त बोटांच्या टोकांनी धरली होती. दोन्ही तळहातांवर, बोटांच्या मुळाशी, हळद लावलेली दिसत होती. ओंकारनं काय झालं म्हणून विचारलं. तवा उचलताना भाजलं, असं त्या म्हणाल्या.

चारुलताबाईंनी त्यांच्याशी फार वेळ बोलणं केलं नाही. गुरुवारी काय झालं, एवढंच विचारलं. गौतम अकराला आला, कपाट उतरवलं, पोहे खाल्ले आणि गेला, असं त्यांनी सांगितलं.

"मग तिजोरी गौतमनं फिरवली असेल का, बाई?"

"नाही." उत्तर तात्काळ आलं. "गौतमनं नाही."

"मग कोणी?"

तारामतीबाईंनी रिकामा ट्रे उचलला. "चहात साखर बरोबर आहे ना?" असं विचारून त्या आत गेल्या.

घरकामाला येणाऱ्या भाग्यलक्ष्मीला चारुलताबाईंनी अंगणात गाठलं. ती तेलुगू, पण या घरात वीस वर्षं काम करून तिला मराठी समजत होतं. ती बोलायची मात्र इथल्या हिंदीत. गुरुवारी ती पूर्ण वेळ घरातच होती. ती पोरं आतल्या खोलीकडे फिरकलीही नाहीत, असं तिनं ठामपणे सांगितलं. मग तिनं स्वतःचं गाऱ्हाणं काढलं. कपडे मशीनमध्ये धुतले जातात, तरी या महिन्यात अम्मांनी, म्हणजे तारामतीबाईंनी, तिला तीनदा धुण्याच्या साबणाच्या वड्या आणायला पाठवलं होतं, आणि वड्या गेल्या कुठे ते तिला कळत नव्हतं. साहेब पूर्वीसारखेच दुपारी दोन ते चार कानातलं यंत्र काढून वरच्या खोलीत झोपत. अम्माही आधी त्याच वेळी आडव्या व्हायच्या.

"अब अम्मा दोपहर कू सोतेच नै," ती म्हणाली. "शाम कू कुर्सी में बैठे बैठे सो जाते."

गौतमचं कोठीतच वैद्यकीय साहित्याचं दुकान होतं. परतताना ते तिथं थांबले. तीस वर्षांचा धिप्पाड मुलगा, पण काकांचं नाव निघताच त्याचा चेहरा उतरला. तिजोरीला हातही लावला नाही, असं तो म्हणाला. बंदूक जमा करा असं मात्र म्हणालो होतो, हे त्यानं कबूल केलं.

"का म्हणालास?" चारुलताबाईंनी विचारलं.

त्यानं गल्ल्याच्या खणातून एक मनगटी घड्याळ काढलं. "काकांचं. गेल्या महिन्यात दिलं. मग दुर्बीण दिली. मग आजोबांची काठी दिली. पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली. मी विचारलं, तर म्हणाले, आवरतोय." त्यानं घड्याळ परत खणात ठेवलं. "मला ते बरं वाटलं नाही, ताई. पण मी काय बोलणार? काल काकूंचा फोन आला. म्हणाल्या, दोन दिवस धीर धर, मी सांगते सगळं. अजून काही सांगितलं नाही."

गाडीत बसल्यावर ओंकार म्हणाला, "मला वाटतं त्याच्या त्या दोन मित्रांची चौकशी करावी."

चारुलताबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. बरकतपुऱ्याच्या वळणावर त्यांनी रुमाल काढला आणि डोळे टिपले. ओंकारनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी सगळ्यांना बिरादारांच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. गौतम दाराजवळच्या खुर्चीवर अवघडून बसला होता आणि मुकुंदराव त्याच्याकडे पाहत नव्हते. चारुलताबाई आधी स्वयंपाकघरात गेल्या.

"बाई, तुम्ही सांगता की मी सांगू?"

तारामतीबाईंनी पदरानं हात पुसले. "तू सांग," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं पहिलं वाक्य निघायचं नाही."

दोघी बाहेर आल्या.

"मुकुंदराव," चारुलताबाईंनी सुरुवात केली, "आपण सगळे एकाच गोष्टीत फसलो. तिजोरी गुरुवारी फिरली, हे आपण धरून चाललो. कारण गुरुवारी घरात तीन दांडगी पोरं होती. पण तिजोरी आणि खिडकीमध्ये कोळिष्टक आहे. त्यात डास वाळलेत, त्यावर धूळ बसली आहे. दोन दिवसांत एवढं होत नाही. म्हणजे गुरुवारच्या खूप आधीपासून तिजोरी तशीच उभी आहे. तुम्ही ती पहिल्या रविवारी पाहिलीत, त्यानंतर थेट वीस तारखेला. मध्ये जवळजवळ तीन आठवडे गेले. दारातून पाहिलं तर दिसते ती चादर. आणि तुमच्या डोळ्यांना आता कडेचं दिसत नाही."

मुकुंदराव आतल्या खोलीच्या दाराकडे वळून पाहू लागले.

"मग मी फरशी पाहिली. बोळात कपाटाचे ओरखडे आहेत. ही पोरं जोरात ओढतात. आतल्या खोलीत एक रेघ नाही. तिथं ज्यानं काम केलं, त्याच्याकडे ताकद नव्हती, पण वेळ भरपूर होता. पहारीचं टोक ठोकळ्यावर टेकवून एक कोपरा बोटभर उचलायचा. खाली गालिच्याचा तुकडा सरकवायचा. असे चार कोपरे. मग फरशीवर साबण चोळायचा आणि पहारीनंच बाजूनं रेटायचं. एका वेळी दोन बोटं. पहारीला चिंध्या बांधलेल्या, म्हणजे आवाज नाही आणि फरशी फुटायची भीती नाही."

"मशीन असताना साबण संपत होता," ओंकार हळूच पुटपुटला.

"हो. आणि तुकडे पेन्सिलनं आखून कापलेले. सामान हलवणारे आखत बसत नाहीत. मला नववीत एका बाईंनी शिकवलं होतं, की कापण्याआधी मोजायचं. तरफही त्यांनीच शिकवली. टेकू वजनाच्या जवळ ठेवला, तर लहान मूलही मोठा दगड उचलतं."

मुकुंदरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"तव्यानं भाजलं तर एका हाताला भाजतं, बोटांना भाजतं," चारुलताबाई म्हणाल्या. "बाईंच्या दोन्ही तळहातांना, बोटांच्या मुळाशी, सारखेच फोड आहेत. ते पहारीचे आहेत. तुम्ही दुपारी झोपायचात, तेव्हा त्या आतल्या खोलीत असायच्या."

"ताराऽ," मुकुंदराव म्हणाले. "तू? कशासाठी?"

उत्तर चारुलताबाईंनीच दिलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"गच्चीला कुलूप. गोळ्या मोजून. फिरायला सोबत. तुम्ही एकेक वस्तू वाटून टाकताय, हे त्या पाहत होत्या. घरात एकच गोष्ट होती जिच्यापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, कारण तिची चावी तुमच्या गळ्यात आहे. चावी त्यांना मागता आली नाही. म्हणून त्यांनी कुलूपच भिंतीकडे केलं. शुक्रवारी तुम्ही चादर उचलली. तेल द्यायला म्हणालात. तेलाची डबी कोरडी आहे, मुकुंदराव. त्यापुढचं मी बोलणार नाही. ते तुमचं आहे."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. गौतम उठून काकांजवळ आला आणि खाली बसला.

"तेल द्यायला नव्हतो गेलो," मुकुंदराव शेवटी म्हणाले. ते जमिनीकडे पाहून बोलत होते. "सकाळी पेपर उघडला, अक्षरं लागेनात. वाटलं, आता हे असंच. उद्या हिनं मला भरवायचं. त्यापेक्षा... आत गेलो, चादर काढली, कुलूप सापडेना. हातानं चाचपलं. मग तिथंच फरशीवर बसलो. इतका राग आला. कित्येक महिन्यांत आला नव्हता. रागात जेवलो, रागात झोपलो, आणि सकाळी उठून कोठीला आलो."

तारामतीबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि मग मला ते खरं मानावं लागलं असतं."

"किती दिवस लागले?"

"अकरा दुपारी."

"अंगावर पडली असती तर?"

"पडत्या बाजूला कधी उभी राहिले नाही. खाली हात घातला नाही, तुकडे काठीनं ढकलले. बोटभरच्या वर उचलली नाही एकदाही." मग त्यांचा आवाज फुटला. "गौतमला बोललात तेव्हा सांगायला हवं होतं मी. मला लाज वाटली. नवऱ्यावर पाळत ठेवते म्हणून."

मुकुंदरावांनी गौतमच्या डोक्यावर हात ठेवला. गौतम म्हणाला, राहू दे काका. मग त्यांनी गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला आणि चावी बायकोच्या मांडीवर ठेवली.

"आज काढून टाकू," ते म्हणाले. "घरात नको."

तिजोरी पुन्हा वळवावी लागणार होती. गौतम बाह्या सरसावून पुढे झाला आणि पकडायला वाकला, तेव्हा तारामतीबाईंनी त्याला थांबवलं. तीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज परत आला. आधी सगळ्यांनी बूट घालायचे. दारापासून वाट मोकळी करायची. मधे कोणी बोलायचं नाही, मी 'हं' म्हटलं की रेटायचं आणि 'बास' म्हटलं की थांबायचं. उचलायची नाही, सरकवायची. आणि पडत्या बाजूला कोणी नको, ओंकार, तू तिथून बाजूला हो. ओंकार निमूटपणे बाजूला झाला.

भाग्यलक्ष्मीनं फरशीवर साबण चोळला. गौतमनं पहार धरली, ओंकारनं विरुद्ध कोपऱ्याला हात लावला.

"हं," बाई म्हणाल्या.

अकरा दुपारींचं काम पंधरा मिनिटांत झालं. अर्धी वळल्यावर दार उघडण्याइतकी जागा झाली, तिथंच त्यांनी थांबवलं. भरलेली तिजोरी गरजेपेक्षा जास्त हलवायची नाही. मुकुंदरावांनी कुलूप उघडलं. परवाना त्यांचा, म्हणून बंदूक त्यांनीच बाहेर काढली. गौतमनं त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती बिजागरीपाशी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली आणि चारुलताबाईंनी पुन्हा पाहिलं. नळ्या आणि दस्ता वेगळे करून ते पिशवीत ठेवले. काडतुसं मोजून निराळ्या डब्यात घातली आणि डबा चारुलताबाईंनी स्वतःजवळ घेतला.

ठाण्यात जायला निघताना चारुलताबाई मुकुंदरावांना बाजूला घेऊन बोलल्या. बंदूक गेली म्हणजे सगळं संपत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मनाच्या दुखण्यावर औषध असतं, बोलणं असतं, आणि आपल्या ओळखीच्या एक डॉक्टर हिमायतनगरला बसतात. मुकुंदरावांनी नंबर द्या म्हटलं. चारुलताबाईंनी नंबर न देता तिथूनच फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

ठाण्यातला फौजदार तरुण आणि शांत होता. त्यानं बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसं मोजली आणि एक अर्ज पुढे सरकवला. मुकुंदरावांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग बायकोकडे दिला.

"तू भर."

तारामतीबाई एकेक रकाना भरत गेल्या. शेवटी त्यांचं पेन थांबलं.

"जमा करण्याचं कारण विचारलंय. काय लिहू?"

मुकुंदरावांनी विचार केला. "लिही, आता गरज नाही."

त्यांनी इंग्रजीत तसं लिहिलं.

"सही कुठे करायची, दाखव," ते म्हणाले, आणि हात पुढे केला. तारामतीबाईंनी त्यांचं बोट धरून कागदावरच्या रेघेवर टेकवलं. त्यांनी सावकाश सही केली. ती रेघेच्या थोडी वर गेली. फौजदारानं चालेल म्हटलं.

पावती मिळायला अर्धा तास लागणार होता. दोघं बाकावर बसले. ओंकार पाणी आणायला गेला, गौतम गाडी सावलीत लावायला. चारुलताबाई थोड्या अंतरावर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"उद्या डॉक्टरकडे किती वाजता जायचं आहे?" मुकुंदरावांनी विचारलं.

"अकराला."

"मग साडेदहाला निघू," ते म्हणाले. "रविवारसारखा रस्ता मोकळा नसतो सोमवारी."